विदाईचा नारळ आणि जमिनीला टेकलेली गाडी

"आजी, अजून थोडी खाली घ्या ना."

प्रणय माझ्या वर्कशॉपच्या फरशीवर बसून चाक आणि मडगार्डमधल्या फटीत बोटं घालून बघत होता. बोटं आत जात होती, आणि त्याला तेच नको होतं. गाडी त्याची, सेकंडहॅण्ड स्पोर्ट्स कार, दोनच सीटची. लग्न तोंडावर आलेलं. नवरी याच गाडीतून मस्तगडच्या घरी आणायची, असा त्याचा हट्ट.

अडचण वडिलांची होती. शांतिलालजींचं जुन्या जालन्यात धान्याचं दुकान. ही गाडी त्यांच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खुपत होती. माझ्यासमोरच त्यांनी पोराला बजावलं, "विदाईत या गाडीनं तमाशा केला, तर दुसऱ्या दिवशी विकायची. बात खतम." प्रणयनं मान डोलावली, पण माझ्याकडं बघून. म्हणजे जबाबदारी माझी.

मी डिप्लोमा मेकॅनिकल. नोकरीभर शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. रिटायर झाल्यावर जालन्यात सस्पेन्शनचं काम सुरू केलं. लोकांना वाटतं हौस. खरं म्हणजे मला घरी बसवत नाही.

गाडी खाली घ्यायला कॉइलओव्हर बसवतात, म्हणजे शॉक आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग, असा एकत्र सेट. शॉकच्या नळीला बाहेरून आटे असतात. त्यावरची रिंग फिरवली की गाडीची उंची बदलते. साध्या सेटमध्ये गाडी खाली घ्यायला स्प्रिंगच खाली उतरवावी लागते. मग शॉकला दबायला जागा उरत नाही. खड्डा आला की तो तळाला आपटतो आणि कळ आपल्या कमरेत येते. चांगल्या सेटमध्ये उंची सगळ्यात खालच्या ब्रॅकेटवरून बदलते. स्प्रिंगला हातच लागत नाही.

प्रणयनं व्हिडिओ बघून रेसिंगचा सेट पसंत केला होता. "एकदम हार्ड आहे, आजी. ट्रॅकवर वापरतात."

"तुझा ट्रॅक कोणता?"

"घर, दुकान, तीर्थपुरीचं गोडाऊन."

"मंग दात घरी काढून ठेवून जात जा."

त्याला हसण्याचा मला काही हक्क नाही. नव्यानं नोकरीला लागले तेव्हा मलाही वाटायचं, कडक म्हणजे भारी. मी स्कूटरला एक जाडजूड स्प्रिंग बसवून घेतली आणि सासूबाईंना मागं बसवून तीर्थपुरीच्या बाजाराला नेलं. वाटभर मी त्यांना समजावत होते, की या स्प्रिंगमुळं रस्ता कसा हाताला कळतो. बाजारात उतरल्यावर त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझं शिक्षान लई जोरदार हाय बाई. मी एस्टीनं येते." तेव्हाच्या त्या शहाणीचे, म्हणजे माझेच, कान उपटायला मी आजही तयार आहे.

प्रणयसाठी मी रस्त्यावरचा सेट निवडला. स्प्रिंग मध्यम, उंची खालून बदलणारी. आणि उंची ठरवायला नारळ मागवला.

त्यांच्या मारवाडी लोकांत विदाईला, म्हणजे नवरीच्या पाठवणीला, गाडीच्या पुढच्या चाकाखाली नारळ ठेवतात. चाकानं नारळ फोडला की शकुन झाला. पण चाक कधीकधी नारळ चिरडत नाही, पुढं ढकलतं. उंच गाडीत तो बंपरखालून घरंगळून बाहेर पडतो. खाली बसलेल्या गाडीत तो चाक आणि बंपरच्या मधे अडकतो. पुढं जावं तर बंपर फुटतो, थांबावं तर लोक बोलतात. नारळ बंपरखालून सहज निघेल एवढी उंची ठेवून मी लॉक रिंग आवळली.

"याच्या खाली न्हाई. बिलकुल न्हाई."

"बराबर, आजी."

एवढ्या लवकर तो कधी ऐकत नाही. लग्नापर्यंत मला नीट झोप लागली नाही.

लग्नात ताटातली दालबाटी गार होत होती आणि मी मंगल कार्यालयाच्या गेटकडं चकरा मारत होते. शेवटी गाडी फुलं लावून आणली. मी वाकून पाहिलं. पुढचं चाक मडगार्डच्या आत गेलेलं.

"काय करून राह्यला रे तू?"

"फोटोसाठी, आजी. आजच्या दिवस. फक्त पुढून." शेरवानीच्या बाहीला ग्रीस लागलेलं होतं.

पुढं बोलायच्या आत बँड सुरू झाला. नवरी, खुशबू, रडत येऊन गाडीत बसली. तिच्या मामांनी चाकाखाली नारळ ठेवला. प्रणयनं गाडी हलवली. नारळ सरकला आणि खाट्‌दिशी बंपरला जाऊन बसला.

"ब्रेक!" मी ओरडले. बँडही थांबला.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "अपशकुन." शांतिलालजींचा चेहरा पडला. "बहूला मोठ्या गाडीत बसवा," ते म्हणाले. "ही उद्या जाणार."

"शांतिलालजी, नारळ फुटलाच न्हाई," मी म्हटलं. "म्हणजे विदाई अजून झाली न्हाई. जरा थांबा."

हे काही मला डिप्लोमात शिकवलं नव्हतं. पण ते थांबले.

मोठ्या गाडीतून जॅक आणि पाना मागवला. रिंगचा वाकडा स्पॅनर प्रणयच्याच डॅशबोर्डमध्ये निघाला. मी रेशमी साडीचा पदर खोचून खाली बसले. तेवढ्यात खुशबू उतरली.

"आजी, मी काय धरू?"

"चाकाचे नट."

तिनं ते ओढणीत घेतले. "अगं, ओढणी!" तिची आई किंचाळली. खुशबूचं रडू एव्हाना थांबलं होतं. मी रिंग सैल करून नळी फिरवत होते, ती वाकून बघत होती.

"रोजच्या वापराला किती उंची बरी?"

"पहिल्यांदा ठेवली होती तेवढी. का गं?"

"कॉलेजला शिकवायला जाते मी. ही गाडी मीच नेणार आहे."

मी प्रणयला रस्ते विचारले होते, वेग विचारला होता. गाडी आणखी कोण चालवणार, हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

दोन्ही बाजू वर घेतल्या, चाकं आवळली. नारळ पुन्हा ठेवला. प्रणयनं गाडी सोडली. नारळ याही वेळी जरा सरकला, बंपरखाली डोकावला, आणि मग चाकानं त्याला धरलं. कडाड्! पाणी शांतिलालजींच्या मोजडीवर उडालं.

खुशबूनं काचेतून हात बाहेर काढला. "आजी, तो स्पॅनर माझ्याकडं द्या."

"अगं, पण..." प्रणय म्हणाला.

"फोटो झाला ना तुमचा?"

शांतिलालजी मोजडी झटकता झटकता हसायला लागले. "राहू द्या मंग गाडी. सांभाळणारं माणूस आलं घरात."

उंची बदलली की चाकांची दिशाही थोडी बिघडते, म्हणून अलाइनमेंट करून घ्यायला मी त्यांना बोलावलं होतं. दोघं आले. स्टीअरिंगवर खुशबू, शेजारी प्रणय, दोघांचेही दात जागेवर.

कॉइलओव्हर घेताना लोक विचारतात, गाडी किती खाली जाईल. तुम्ही विचारा, परत वर किती जल्दी येईल.