अळंबीची मुळी

धाकट्या जावेला सहावा महिना लागला आणि तिला अळंबीचे डोहाळे लागले. पहिल्या खेपेला तिचं बाळ हाती लागलं नव्हतं. या वेळी तिने श्रावणात आंबा मागितला असता तरी आम्ही शोधत फिरलो असतो. अळंबी तर शेळगावात आमच्या बांधावरच उगवते.

मी विळा घेऊन निघाले. रोज गाईंसाठी घास कापून हात बसलेला. अळंबीही तशीच जमिनीलगत सपासप कापली. वारुळापाशी ओंजळभर मिळाली. पलीकडे उसाचं कुजलेलं पाचट होतं, त्यावरही तशाच पांढऱ्या छत्र्या दिसल्या. त्याही पाटीत टाकल्या. मातीचा कण नाही, म्हणून स्वतःवरच खूश होते.

सासूबाईंनी पाटी बघितली. "मुळ्या कुठं हायत?"

"कापून आणल्यात, आत्या. निवडायला सोपं."

"मंग वळखायचं कशावरनं?" म्हणत त्यांनी सगळी पाटी खताच्या खड्ड्यात ओतली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाऊ दारात उभी, तोंड एवढंसं झालेलं. "लसूण टाकून बघितला असता! काळा पडला तर विषारी," मी फणकारले.

"लसणाला काय कळतंय? डोहाळं हुकलं तर हुकू दे, पोर हुकाय नगं."

सकाळी त्या मला बांधावर घेऊन गेल्या. वारुळाजवळचा कापलेला देठ उकरला, तर मुळी वीतभर खाली वारुळात शिरलेली. पाचटातला देठ मात्र ओढताच निघाला, मुळी नाहीच, खाली नुसता गड्डा. माझ्याकडून राहिलेली एक छत्री तिथे पुरती उमलली होती. सासूबाईंनी ती उलटी केली. खालच्या पापुद्र्यांवर हिरवट झाक होती.

"हिनं माणूस वकून वकून अर्धा हुतो."

काल कोवळी, पांढरीशुभ्र असताना हीच जात मी आनंदाने घरी नेली होती. राग कुठल्या कुठे गेला, आणि लाज वाटली.

आठवड्याने वारुळापाशी पुन्हा अळंबी आली. विळा घरीच ठेवून मी एकेक हाताने उकरली, उलटी करून पाहिली. एकीची मुळी अर्ध्यात तुटली, ती तिथेच टाकून दिली. सासूबाईंनी सगळी पाटी निवडून पाहिली आणि माझ्याच हातात परत दिली. "शिजव तूच."

जावेच्या ताटात भाजी वाढली. तिने भाकरीचा तुकडा मोडला, पण हात थांबला. सासूबाई समोरच होत्या, तरी तिने माझ्याकडे पाहिलं.

"अक्का, तुमी काढल्यात न्हवं?"

"व्हय."

मग तिने घास तोंडात घातला.