‘सुटला’ असं मी म्हणाले

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. प्रशांतला, माझ्या नवऱ्याला, यातलं पहिलं अर्धं माहीत आहे. पण त्या अर्ध्यात मी नुसती भित्री दिसते. आणि भित्रं असणं खपून जातं, नाही का? लोक म्हणतात, जाऊ दे गं. उरलेलं अर्धं ऐकून कुणी तसं म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ते आतच राहिलं.

कुठून सुरू करू? मावशीपासूनच करते.

मावशी जळगावची. माझी आई सतत आजारी असायची, म्हणून अकरावी-बारावी मी मावशीकडे राहून केली. पहाटे क्लासला निघताना ती माझी वेणी घालायची आणि तेवढ्यात मला केमिस्ट्रीची प्रश्नोत्तरं विचारायची — स्वतः दहावी नापास, पण उत्तर चुकलं की माझ्या आवाजावरून तिला बरोबर कळायचं. काका आधीच गेलेले. मंदार तिचा एकुलता एक, माझ्याहून बराच लहान. मला नीलूताई म्हणायचा. पुढे मी जर्मनीत आले, लुडविग्सहाफेनच्या एका प्रयोगशाळेत चिकटले, लग्न झालं, मुलगी झाली. मंदारला पीएचडीसाठी इकडे मीच ओढून आणलं. मावशी तयार नव्हती. मी तिला फोनवर म्हणाले, "मावशी, मी आहे ना तिथे." हे शब्द माझेच, दुसऱ्या कुणाचे नाहीत.

तो नदीपलीकडच्या शहरात राहायचा. रविवारी जेवायला यायचा, माझ्या सईशी जर्मन बोलायचा, कारण ती मराठीला उत्तरही जर्मनमध्येच देते. चांगला मुलगा होता. मग एका संध्याकाळी नदीकाठी मित्रांबरोबर पीत बसलेला असताना कुणाशी तरी वाद झाला आणि त्याने त्या माणसाला ढकललं. तो माणूस दगडी पायऱ्यांवर डोक्यावर आपटला आणि त्यानंतर कधी नीट चालू शकला नाही. हे मंदारनेच केलं. मी ते झाकत नाही. मला जे सांगायचंय, ते त्याने केलेल्याबद्दल नाहीच.

त्याच्या वकीलबाईंचा फोन मला कामावर आला, कँटीनमध्ये. परदेशी आहे, पळून जाईल, म्हणून त्याला खटल्याआधीच आत ठेवलं होतं. बाई म्हणाल्या, त्याने एकच गोष्ट मागितलीय. आईला तुम्ही सांगावं, तुमच्या भाषेत, समजुतीने. आणि ती काय म्हणते ते माझ्यामार्फत त्याला कळवावं. त्याआधी तो आईला स्वतःहून पत्र लिहिणार नाही, फोनची परवानगी मागणार नाही. तिला तो हवा असेल, तरच.

मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणाले की तो माझा बेकान्टर आहे, ओळखीतला एक मुलगा. मावसभाऊ म्हणाले नाही. भेटायला येणार का, असं त्यांनी विचारलं. भेटीला पासपोर्ट दाखवून नाव नोंदवावं लागतं म्हणे. आमचा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा दाखल झालेला होता. मी म्हणाले, सध्या जमणार नाही. निरोप देते, एवढं मात्र कबूल केलं.

प्रशांत म्हणाला, "आपण नको गुंतायला. वकील आहे ना, ती बघेल." बघा, किती सोपं होतं. पण अर्ज हे निमित्त होतं. खरं कारण लाज. मी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पुढे पुढे करणारी बाई. कुणाचा भाऊ आत आहे, हे कुणाच्या तरी दिवाणखान्यात चिवड्याबरोबर चघळलं जाणार, हे मला नको होतं.

मग मावशीचे फोन सुरू झाले. मंदारचा फोन लागत नाही गं. तू जाऊन बघितलंस का? त्याआधी त्या दोघांचं एका मुलीच्या स्थळावरून वाजलं होतं. मावशीने त्याला फोनवर बरंच सुनावलं होतं, त्यामुळे ती आधीच हळवी झाली होती. मी म्हणाले, खोलीवर नाही. खरंच नव्हता. ती म्हणाली, पोलिसांत विचारलंस? मी म्हणाले, विचारलं. या सगळ्या प्रकरणात मावशीशी मी उघड खोटं बोलले ते एवढंच, एका शब्दाचं. बाकी मी जे जे बोलले ते खरं होतं. तेच जास्त वाईट आहे, हे मला फार उशिरा उमगलं.

मावशीच्या शेजारी देशपांडेकाकू राहतात. त्यांची मुलगी अमेरिकेत. तिने सांगितलं की तिकडे प्रत्येक गावच्या तुरुंगाची यादी इंटरनेटवर असते. नाव टाकलं की फोटोसकट सगळं येतं, काय गुन्हा, कधी आत गेला, कधी बाहेर पडला. मावशीने मला लगेच फोन केला. आवाजात चक्क हुरूप होता. मुलगा तुरुंगात सापडेल म्हणून हुरूप येणारी आई मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"तुमच्याकडे असेल ना गं तशी यादी? तू बघ की. असला तर असू दे आत. निदान आहे एवढं तरी कळेल."

मी म्हणाले, "मावशी, इथे तसली यादीच नसते. कोण आत आहे, कोण सुटलं, कुणालाच सांगत नाहीत. डाटेनशुट्झ म्हणतात त्याला. माणसाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय द्यायची नाही, असा कायदा आहे."

"मग घरच्यांना कळतं कसं?"

"आतल्या माणसाची इच्छा असेल तर कळवतात."

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "म्हणजे तो आत असला काय, बाहेर असला काय. त्याची इच्छा नाही."

मला तेव्हा बोलता आलं असतं. त्याची इच्छा आहे, मावशी, त्याने मलाच सांगितलंय — एवढंच वाक्य. मी ते मनात जुळवलंसुद्धा. आणि मग मूग गिळून बसले. का? कारण ते म्हटलं असतं तर ती विचारणार होती, तुला कधीपासून माहीत आहे?

त्यानंतर तिने मंदारबद्दल विचारणं बंद केलं. फोन करायची, सईची चौकशी करायची, दोन इकडचं तिकडचं बोलायची. काकू मला म्हणाल्या, तिने अंथरूण धरलंय, हृदय थकलंय म्हणतात डॉक्टर. इकडे वकीलबाईंनी पुन्हा विचारलं, आई काही म्हणाली का? मी म्हणाले, नाही, काही म्हणाली नाही. पुन्हा खरंच. त्याच्याबद्दल ती काही म्हणतच नव्हती.

खटला झाला, शिक्षा झाली, त्यातली काही माफ झाली. आणि एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मंदार होता.

"नीलूताई, बाहेर आलो."

मी काय बोलले ते आठवत नाही. त्याने माझ्यावर आवाज चढवला नाही, हे आठवतं. तू आली नाहीस, असंही म्हणाला नाही. व्हिसा गेलाय, थोड्या दिवसांची मुदत आहे म्हणाला. मग म्हणाला, "आईला एकदा शेवटचं विचारशील? सुटलो म्हणून सांग. घरी येऊ का, एवढंच विचार. ती नको म्हणाली तर मी नाही येणार."

या वेळी मी खरोखर फोन लावला. लगेच, तो विचार निवायच्या आत. काकूंनी फोन मावशीच्या कानाला धरला. मला वाटलं होतं की आधी चांगली बातमी द्यावी, बाकीचं हळूहळू उलगडावं. मी म्हणाले, "मावशी, मंदार सुटला."

आता तुम्हीच सांगा, ज्या बाईला तिचा मुलगा कुठे अडकलाय हेच माहीत नाही, तिने ‘सुटला’ याचा अर्थ काय घ्यायचा? आपल्याकडे रुग्ण सुटतो. म्हातारं माणूस सुटतं. सुटली बिचारी, म्हणतो आपण स्मशानातून परत येताना.

ती म्हणाली, "सुटला माझा बाळ." आणि मग, "तरीच. तरीच फोन नाही केला त्याने." ती रडत होती, पण त्या रडण्यात काहीतरी मोकळं झालं होतं. इतके दिवस तिला वाटत होतं की मुलाने आपल्याला टाकलं. आता तिला कळलं की टाकलं नव्हतं, तो नव्हताच. मला हे सगळं ऐकू येत होतं. फोन माझ्या हातात होता, जीभ माझ्या तोंडात होती.

काकूंनी फोन घेतला. "कधी गं?"

"मला आजच कळलं," मी म्हणाले.

"तिकडेच सगळं…?"

"इकडून काही आणता येणार नाही, काकू."

सई शाळेत जायला बूट घालत होती. तिला मराठी सगळं समजतं. तिने जर्मनमध्ये विचारलं, कोण मेलं? मी म्हणाले, निमांड. कुणीच नाही. तेवढंच खरं उत्तर जळगावला द्यायचं होतं, तर ते मी माझ्या मुलीला दिलं, जर्मनमध्ये.

मी लगेच परत फोन का लावला नाही? लावून काय म्हणणार होते? मावशी, तसं नाही, तो तुरुंगातून सुटला. कुठल्या तुरुंगातून? कधीपासून होता? आणि तुला माहीत होतं? हे तीन प्रश्न मला एका आईच्या रडण्यापेक्षा मोठे वाटले. उद्या करू, असं मी म्हणाले. उद्याही तेच म्हणाले.

मंदारचा फोन आला. "काय म्हणाली आई?"

मी म्हणाले, "येऊ का, त्यावर काही बोलली नाही रे."

खोटं नव्हतं. मी तिला ते विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "तिची तब्येत ठीक आहे ना?" मी म्हणाले, वय झालंय. त्याने फोन ठेवला.

त्याच आठवड्यात मावशी गेली.

तेव्हा मात्र मी धावले. त्याचा नंबर बंद. तुरुंगाच्या कार्यालयात फोन केला, तर त्यांनी शांतपणे सांगितलं की असा कुणी माणूस इथे होता की नव्हता, हेही आम्ही सांगू शकत नाही. मी म्हणाले, मी बहीण आहे त्याची. त्यांनी विचारलं, तशी नोंद आहे का तुमची? नव्हती. वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्या अशिलाने त्याचा ठावठिकाणा कुणालाही द्यायला मनाई केलीय, तुम्हाला तर नाव घेऊन. त्याच्या जुन्या खोलीच्या दारावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. तो कोणत्या देशात गेला, गेला की इथेच कुठे लपून राहिला, मला माहीत नाही.

मी एकटीच जळगावला गेले. तेराव्याला घर भरलं होतं. क्रियाकर्म मावशीच्या दिराने केलं. गुरुजींनी विचारलं, मुलाचंही क्रियाकर्म झालं नाहीये म्हणता, तर आजच दोघांचं उरकू या का? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्याच्याबद्दल माहिती असणारी मी एकटीच होते ना. मी म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. गुरुजींनी मंदारचं नाव आणि गोत्र घेतलं आणि त्याच्या नावाचा पिंड ठेवला गेला.

मावशीने शेवटच्या दिवसांत काकूंना सांगून त्याचा फोटो मोठा करून घेतला होता. दीक्षान्ताचा, हसरा. काकूंनी तो तिच्या फोटोशेजारी लावला आणि दोन हार माझ्या हातात दिले. म्हणाल्या, तूच घाल, तू त्याची ताई. म्हणाल्या, दोघं भेटले असतील आता.

मी मान हलवली. आधी मावशीला घातला, मग त्याला. त्याचा वाकडा झाला होता, तो सरळ केला.