आदेशाच्या आधी सुटलेला लाल गोळा

पुराच्या मदतकार्यासाठी आमची सिग्नल तुकडी कामशेतजवळच्या हेलिपॅडवर लावली होती. मी हवालदार, तुकडीप्रमुख. वायरलेस सेटवर इंदुरीचा लान्स नायक दत्ता शिंदे. घर अर्ध्या तासावर, पण आठ दिवसांत पठ्ठ्या एकदाही गेला नाही.

हेलिकॉप्टरला दिलेली सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणायची असते. नाही म्हटली, तर त्याने ती ऐकलीच नाही असं धरायचं.

सकाळी दहा चाळीसला आमचं हेलिकॉप्टर उतरत होतं. तेवढ्यात पवनेच्या बाजूने ढगातून दुसरं आलं, मंत्रालयातल्या साहेबांच्या पाहणीदौऱ्याचं.

“होल्ड. खाली हेलिकॉप्टर आहे. रीड बॅक.”

उत्तर नाही. दत्ताने पुन्हा सांगितलं. तरी नाही. तो फ्लेअर पिस्तूल घेऊन मैदानात धावला आणि धोक्याचा लाल गोळा सोडला. दुसरं हेलिकॉप्टर झटक्यात वळलं. माझ्या तोंडून “फायर” निघालं, तेव्हा गोळा वर पोचला होता.

चौकशीत मी हेच सांगितलं. पाहणीदौऱ्याचं हेलिकॉप्टर वेगळ्याच फ्रिक्वेन्सीवर होतं, असं निघालं. दत्ता निर्दोष, यापुढे सगळ्यांना एकच फ्रिक्वेन्सी द्यावी, अशी शिफारस झाली.

पुढच्या वर्षी सीमेवर तुटलेली टेलिफोन लाइन जोडताना दत्ता गेला. त्यानंतर, मी निवृत्त होऊन कामशेतलाच राहायला आल्यावर, चौकशी अहवालावर सरकारचं उत्तर आलं. शिफारस अमान्य. सिग्नलमनने आदेशाविना गोळा सोडल्यामुळे गोंधळ झाला. मेलेला माणूस जबाब द्यायला येत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक. माझं डोकं फिरलं.

इंदुरीला जाऊन मी ते दत्ताच्या वडिलांना वाचून दाखवलं. आबा भाताची रोपं बांधत होते.

“दोनी इमानातली माणसं वाचली नव्हं?”

“व्हय, आबा.”

“मग माज्या पोराचं चुकलं कुटं?”

पेन्शन घ्या आणि गप्प बसा, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. मी गप्प बसणाऱ्यातला नाही. उत्तराखालची सही ओळखीची होती. त्याच साहेबांना मी रजिस्टर्ड पत्र पाठवलं:

“तुकडी माझी होती. जाब मला विचारा, मी कामशेतलाच असतो. त्या दिवशी दुसऱ्या हेलिकॉप्टरमध्ये आपण स्वतः बसला होता. ही सही करायला आपला हात शाबूत राहिला, तो लान्स नायक दत्ता शिंदेमुळे.”