वाइसचे दोन बोल्ट

सौंसरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी बारा वर्षं मिलिंग मशीन चालवली. पांढुर्ण्याहून रोज बसनं जायचो. वाइस, म्हणजे लोखंडाचा तुकडा पकडणारा जबडा, मशीनच्या टेबलावर दोन बोल्टांनी कसावा लागतो. तो सरकला तर तुकडा वाकडा कापला जातो. माझा वाइस कधी सरकला नाही. पान्याला हातभर पाइप लावून मी सगळं वजन टाकायचो, आणि त्या ताकदीचा मला अभिमान होता.

मग शेजारच्या मशीनवर मोहगावची एक मुलगी आली. आयटीआय केलेली, अंगानं बारीक. ती आधी टेबल कापडानं पुसायची, लोखंडाचा कीस राहिला का ते बोट फिरवून बघायची. दोन्ही बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे कसायची. तिच्या पान्यावर जोर ठरवलेला असायचा; तेवढा जोर लागला की पाना टक् वाजायचा आणि ती थांबायची. मग जबड्यावरून डायल, म्हणजे केसाएवढा वाकडेपणाही काट्यानं दाखवणारं माप, फिरवून काटा हलतो का ते बघायची.

फोरमननं बारीक मापाची कामं हळूहळू तिच्याकडे वळवली. तिचे तुकडे सरळ निघतात, एवढंच मला म्हणाला. मी मान हलवली. घरी बायकोला सांगितलं, नवी पोरगी फोरमनच्या पुढंपुढं करते. ते खोटं होतं. ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

एका दुपारी ती डबा खायला गेली तेव्हा मी तिच्या वाइसला डायल लावला. चूक सापडावी असं फार वाटत होतं. काटा जागचा हलला नाही. मग मी पाइप उचलला आणि तिचा एक बोल्ट जीव खाऊन आवळला. आता काटा हलला. मी माझ्या मशीनवर आलो.

तुकडा लावण्याआधी तिनं पुन्हा डायल फिरवला. थांबली. दोन्ही बोल्ट सैल करून सगळं नव्यानं कसलं. फोरमनला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी बसस्टँडवर ती माझ्याजवळ आली.

"दादा, एकच बोल्ट इतका कसला तर वाइस वाकतो. तुमच्या मशीनवर बी तेच होऊन राहिलं."

"तुले कसं माहीत?"

"तो बोल्ट खोलाले मले दोन्ही हात लागले. पाइप त तुमच्याकडेच आहे."

आवाजात राग नव्हता. मी त्यानंच जास्त जळालो.

दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, दाखव. तिनं माझा वाइस उचलायला लावला. खाली कितीतरी कीस दबून बसला होता. तो पुसून तिनं माझ्याच हातून बोल्ट कसून घेतले. त्या आठवड्यात माझा एकही तुकडा वाकडा म्हणून परत आला नाही, तरी फोरमन तिच्या मशीनपाशी उभा दिसला की माझं लक्ष कामातून उडायचं.

पुढं ती दुसऱ्या कारखान्यात गेली, आणि नव्या लोकांना वाइस लावायला शिकवणं माझ्याकडे आलं. ही पद्धत कुठं शिकलास, असं फोरमननं एकदा सगळ्यांसमोर विचारलं. करता करता आली, मी म्हणालो. तिचं नाव ओठांवर आलं होतं, पण ते मी घेतलं नाही.