पाडव्याच्या वहीतला पाऊस

आमच्या नि विरूपाक्षच्या घराची भिंत एकच. त्यामुळं अडतीस वर्षांमागचं ते भांडण मी भाकरी थापता थापताच ऐकलं. त्याचे वडील रुद्रेशअप्पा, गुळाची अडत होती त्यांची. आवाज असा, की गल्लीतली कुत्री उठून जायची.

"पाऊस मोजायची नोकरी? अरं, पडला तर भिजायचं, न्हाय पडला तर वाळायचं. त्यात मोजायचं काय?"

"सरकारी संशोधन केंद्र हाय ते, अप्पा."

"आणि अडतीची वही कोण लिवणार? तुझं सरकार?"

माझ्या सगळ्या भाकरी झाल्या तरी चाललंच होतं. शेवटी म्हातारा दमला. म्हणाला, "जा. पण तिथली वहीबी आपल्या रीतीनं घालायची. दिवाळीच्या पाडव्याला पुजून, वर इभूतीची बोटं ओढून." विरूपाक्षनं कबूल केलं.

तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला केंद्रातल्या भांड्यात साठलेलं पावसाचं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळ्यासमोर धरायचं आणि वहीत लिहायचं. लग्नादिवशीसुद्धा बाशिंग उतरवून जाऊन आला; त्याची बायको दानम्मा ते अजून ऐकवते. महापुरात कमरेएवढ्या पाण्यातून निघाला तेव्हा मी म्हटलं, "आता काय मोजतोस बाबा? सगळीकडं तेच हाय की!"

"वैनी, खालचं नदीचं. मी वरचं मोजतोय."

मागच्या साली दिल्लीच्या समितीनं वह्यांचे फोटो मागवले. कुठल्या संशोधनात पैसा घालावा, कुठलं बंद करावं, असा सल्ला सरकारला देणारी ही माणसं. केंद्र राहणार का जाणार, ते वह्यांवर ठरणार होतं. कारकुनानं फोटो पाठवून दिले. विरूपाक्षला कुणी विचारलं नाही.

पुठ्ठ्यावर साल असायचं वही पुजल्याचं. आत नुसती तारीख आणि महिना. आणि वही चालायची या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत. म्हणजे २०१९चा महापूर सापडणार २०१८च्या वहीत, आणि २०१९च्या वहीत पुढच्या सालचा पाऊस. समितीनं पुठ्ठ्यावरचंच साल धरलं आणि लिहिलं, नोंदी भरवशाच्या नाहीत, केंद्र बंद करावं, यंत्र बसवावं.

त्याची लेक विद्याश्री हिनं पाडव्याची सगळी गोष्ट समजावून पत्र घातलं. दीड महिन्यानं उत्तर आलं, सल्ला पुढं गेलेला आहे.

"एक फोन केला असता तर सांगितलं असतं की," एवढंच विरूपाक्ष म्हणाला आणि कट्ट्यावर बसून राहिला. दानम्मा मात्र सासऱ्याच्या फोटोकडं बघून म्हणाली, "अप्पा, वही लई पुजायला लावलीसा!" मला हसू आलं आणि मग नको वाटलं. भिंतीपलीकडनं ऐकणारी मी. पुठ्ठ्यावरच्या सालानं असा घोटाळा होईल, हे मलाबी अडतीस वर्षांत सुचलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या अखेरीला कुलूप लागलं. किल्ली देऊन दुपारी तो घरी आला, पाणी प्याला आणि पाकीट घेऊन परत बाहेर पडला. दर महिन्याचा नोंदींचा कागद तो पुण्याच्या वेधशाळेला पोस्टानं धाडायचा. या खेपेला नुसती अठ्ठावीस शून्यं. आमच्या दारात नेहमीसारखा थांबला.

"वैनी, पोस्टात चाललोय. काय आणायचं हाय काय?"

"आता कोण बघणार रे तो कागद?"

"महिना संपला न्हवं."

मी पिशवी दिली. "चहा आण मग. आणि मागच्यासारखी भुकटी नको."

तासाभरानं आला. आणली होती ती भुकटीच.