बाईंची यादी आणि आवृत्ती एक

बाईंची चुकांची यादी संपत नाही तोवर पहिली आवृत्ती जाहीर करायची नाही, हा नियम मीच केला होता. त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

मी आणि कंपनीत माझ्या शेजारी बसणारा अमरावतीचा मित्र, आम्ही मराठी शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम लिहीत होतो. कुणीही फुकट वापरावा, आतला कोड उघडून बघावा, सुधारावा, असा. दर रविवारी सकाळी वारज्याला माझ्या फ्लॅटवर बसायचो. शब्द तपासायला मी शाळेतल्या माझ्या मराठीच्या बाईंना गाठलं. त्या निवृत्त होऊन शनिवार पेठेत राहायच्या. अमेरिकेतल्या मुलाला पत्रं पाठवायला त्यांनी संगणक घेतला होता. मी सीडी नेऊन द्यायचो, त्या पाठकोऱ्या कागदावर चुका लिहून द्यायच्या.

पहिल्या कागदावर एवढंच होतं: ‘पुणे हा शब्द तुझ्या यंत्राला चुकीचा वाटतो. त्याऐवजी उणे सुचवतं. तू नक्की कुठे राहतोस?’

ते दुरुस्त केलं, तर पुढच्या वेळी चाळीस शब्द आले. ते केले, तर साठ. आवृत्ती ०.९ ची ०.९८ झाली, मग ०.९९. पुढे आकडे पुरेनात म्हणून ०.९९१.

मित्र वैतागला. “कायले थांबून राह्यलो आपण? टाक ना इंटरनेटवर!”

“आणि लोक हसले तर?”

“हासाले तरी कोणी वापरलं पाहिजे ना बे!”

मी ऐकलं नाही. आपलं काम चारचौघांत मांडायचं म्हटलं की मी बाईंकडे आणखी एक यादी मागायचो.

एका रविवारी बेल वाजली. दारात एक अनोळखी गृहस्थ उभे. कसबा पेठेत त्यांचा छापखाना होता.

“शुद्धलेखनवाले आपणच का?” म्हणत त्यांनी लग्नपत्रिकेचा कच्चा कागद पुढे केला. ‘सगळं बदला’ हे बटण दाबल्यावर ‘चि. सौ. कां.’ची ‘चि. सौ. कांदा’ झाली होती. “वेळेत दिसलं म्हणून बरं. नाहीतर वधूपित्यानं मलाच चिरला असता.”

“पण हे तुमच्याकडे आलं कसं?”

“बाईंनी दिलं. चार महिने झाले. आमच्या गल्लीत तिघं वापरतात.”

मी तडक शनिवार पेठेत गेलो. “बाई, ते अजून तयार नव्हतं हो!”

“अरे, बिनचूक पेपर लिहीपर्यंत तुला थांबवलं असतं, तर तू अजून आठवीतच असतास.”

“मग एवढ्या याद्या कशाला देत होतात?”

“तू मागत होतास.”

त्याच दुपारी आम्ही ‘कां.’ सुधारलं, वर ‘आवृत्ती १’ असं लिहिलं आणि फाइल इंटरनेटवर चढवायला घेतली. फोनची लाइन तीनदा तुटली, चौथ्यांदा फाइल पूर्ण गेली. मित्रानं टाळी दिली. मी फाइल खरंच गेली का ते पुन्हा उघडून बघितलं.

चार दिवसांनी रत्नागिरीहून कुणा अनोळखी माणसाची ईमेल आली: ‘आपल्या शब्दकोशात मासळी जवळपास नाहीच. सोबत एकशे बारा नावं जोडली आहेत.’ आम्ही ती घालायला बसलो. त्यातले निम्मे मासे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते, पण त्याच्या शुद्धलेखनावर विश्वास ठेवला.