थोरल्या जाऊबाईंचे कान

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या कानांएवढे तिखट कान अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसऱ्या कुणाचे असतील, तर ते माणसाचे नसून मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याचे असणार. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. बारामतीला माहेरी बसून मी आईच्या कानात पुटपुटले असते, तरी ते कळसला त्यांना ऐकू गेलं असतं. मी लग्न होऊन कळसला आले ती नव्वद सालानंतर लगेचच. घरात तीन भाऊ, त्यांच्या आम्ही तीन बायका, पोरंसोरं आणि सासूबाई. एके काळी ही माणसं मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत जायची. आता ऊस होता, आणि जुन्या दिवसांची आठवण म्हणून गोठ्याच्या कडेला राखलेली थोडी मेंढरं. थोरल्या दिरांना सगळे तात्या म्हणायचे आणि थोरल्या जाऊबाईंना आक्का. तात्या घराचे कर्ते होते असं रेशनकार्डावर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात घर चालवायच्या आक्का, आणि तेही चुलीपुढून न उठता, नुसत्या कानांनी.

भाकरी थापता थापता त्या मागं न बघता ओरडायच्या, "कोन हाय रं गुळाच्या डब्यापाशी?" आणि डब्यापाशी खरंच कुणीतरी असायचं. विहिरीवरची मोटर लाईट गेली म्हणून थांबली की पाणी ओढेनाशी झाली म्हणून, हे त्या घरात बसून सांगायच्या. तात्यांची फटफटी कालव्याच्या पुलावर आली की चहाचं आधण ठेवायच्या, आणि गिअर कसा पडला त्यावरून तात्या आज कुणाशी भांडून आलेत याचाही अंदाज द्यायच्या. मी नवी होते तेव्हा एका दुपारी माहेरच्या आठवणीनं आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून रडत होते. आवाजाचं नाव नाही. तरी दाराशी आक्का उभ्या. म्हणाल्या, "रडायचं आसंल तर मोकळं रड गं. दाबून रडलं की नाक वाजतं, मला डोळा लागत न्हाय." मग शेजारी बसल्या आणि माझं रडणं आटपेपर्यंत उठल्या नाहीत. त्या दिवसापासून मी त्यांना जरा भ्यायचे आणि जरा जास्तच जीव लावायचे.

घराच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असे. आधी तो सासूबाईंच्या कमरेला होता. सासूबाई म्हणजे आक्कांची सख्खी आत्याच. भावाची लेक त्यांनी सून करून आणली होती. पुढं सासूबाईंना ऐकू येईना. किल्ल्या कुणी मागितल्या नाहीत, कुणी हिसकावल्या नाहीत, पण वर्षभरात त्या आपसूक आक्कांकडे आल्या, आणि सासूबाई अंगणाच्या टोकाला शेवग्याखाली बसून भुईमुगाच्या शेंगा फोडू लागल्या. त्यांची आबाळ कुणी केली नाही. वेळच्या वेळी ताट जाई, चहा जाई. फक्त बोलणं जात नसे. ओरडून ओरडून घसा कुणी फोडायचा? जेवायला बोलवायचं तर आम्ही हातानं खूण करायचो, आणि म्हातारी मान हलवायची.

आणि अशा या आक्कांचे कान खाजायला लागले. साधंसुधं खाजणं नव्हे. बोलता बोलता एकदम डोळे मिटायच्या, मान वाकडी करायच्या, आणि हातात येईल ते कानात जायचं. केसातला आकडा, काडेपेटीतली काडी, कोंबडीचं पीस. शेवटी त्यांना सगळ्यात मानवली ती जुडग्यातली सगळ्यात बारकी किल्ली. कपाटाची ती किल्ली कानात फिरवताना त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं की तेवढ्यात पोरं गुळाचा डबा रिकामा करून जायची. उपाय तर विचारू नका. लसूण घालून कढवलेलं तेल झालं, तूप झालं, कडुनिंबाची धुरी झाली. धुरीनं खाज गेली नाही, पण सगळं घर दिवसभर खोकत होतं. तात्यांचे चुलते, जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले आबा, एकदा मुद्दाम तपासायला आले. म्हणाले, "उन्हाकडं कर कान." बराच वेळ न्याहाळलं आणि निकाल दिला, "गोचीड न्हाय, खरूज न्हाय. मेंढरू आसतीस तर कातरून सोडून दिलं आस्तं. मानसाचं मला कळत न्हाय."

त्यातच त्यांचं बाकीचंही तंत्र बिघडलं होतं. पौषाच्या थंडीत आम्ही घोंगडीत गुरफटलेल्या, तर या पदरानं वारा घेत दारात उभ्या. एक कोंबडी मुंगसानं नेली म्हणून दिवसभर रडल्या, ज्या कोंबडीला त्या आदल्या दिवशी "मर जा" म्हणाल्या होत्या. त्याचा आणि कानांचा काही संबंध असेल असं आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. सोन्यानं खाज वाढते असं वाटून त्यांनी कुड्या आणि बुगड्या काढून ठेवल्या आणि भोकं बुजू नयेत म्हणून तुळशीच्या काड्या घातल्या. झालं! गावात बाईचे कान भुंडे दिसले की त्याचा अर्थ एकच, सोनं गहाण पडलं. तात्या तेव्हा सोसायटीच्या निवडणुकीला उभे होते, आणि समोरच्या पॅनेलनं पारावर बोलायला सुरुवात केली की ज्याला बायकोच्या कानातलं सांभाळता येईना तो सोसायटी काय सांभाळणार. तात्या ताटावर बसून काकुळतीला यायचे, "आगं, मतदान हुईस्तवर तरी घाल की कानात!" आक्का म्हणायच्या, "तुमीच घाला आन हिंडा."

पण हा सगळा वरवरचा फणकारा होता. एक दिवस मागच्या दारी भांडी घासताना त्यांनी माझा हात धरला. आवाज इतका खाली आणला की तो त्यांचा आहे यावर माझा विश्वास बसेना. "धाकले, मी बहिरी व्हनार. आत्याबाईंचंबी आसंच चालू झालं आसंल. आदी खाज, मग बंद." शेवग्याकडे बघत म्हणाल्या, "मग मलाबी तितं बसवताल. ताट आनून द्याल."  मी म्हटलं, "आक्का, बाजाराच्या दिवशी आपण बारामतीला जाऊ. डॉक्टरला कान दाखवू. घरात कुणाला सांगायचं नाही."

बाजाराच्या पिशव्या घेऊन आम्ही एसटीनं बारामतीला गेलो. कानाचे डॉक्टर तरुण होते आणि फार हळू बोलायचे, आपल्यालाच कमी ऐकू येतंय असं वाटून आक्कांचा जीव अर्धा झाला. त्यांनी बॅटरी लावून दोन्ही कान पाहिले आणि विचारलं, "आत हे ओरखडे कशाचे?" आक्का जमिनीकडे बघू लागल्या. मी सांगितलं, "किल्लीचे." डॉक्टरांनी एक चिमट्यासारखं लोखंड वाजवून कानाजवळ धरलं. "ऐकू येतंय?" आक्का म्हणाल्या, "ह्ये येतंयच. पल्याडच्या खोलीत तुमचा कंपाउंडर कुनाला तरी सांगतोय, डागदर जेवाया गेल्यात, तासानं या. ते बी येतंय." डॉक्टर तसेच उठले, पलीकडच्या खोलीत गेले आणि थोड्या वेळानं कान लाल झालेल्या कंपाउंडरसकट परत आले. आक्कांच्या कानांबद्दल त्यांच्या मनात मग काही शंका राहिली नाही.

पण पुढचा प्रश्न त्यांनी विचारला तो असा, "बाई, पाळी येते का अजून?" आक्का ताडकन उठल्या. "धाकले, चल. कान दावाया आलो, ह्यो भलतीकडंच निघाला!" मी पदर धरून खाली बसवलं. डॉक्टरांनी न रागावता समजावून सांगितलं. पाळी जायच्या दिवसांत अंगातली ओल कमी होते, कातडी कोरडी पडते, आणि कानाच्या आतही कातडीच असते. अंग पेटणं, रडू येणं, सगळं त्याच घरचं. ऐकण्याला काही झालेलं नाही. कानात काडी, पीस, आकडा, किल्ली यांतलं काहीही घालायचं नाही, साबणाचं पाणी जाऊ द्यायचं नाही. ओरखडे भरायला त्यांनी थेंब लिहून दिले, आणि ते भरले की कधीमधी कोमट खोबरेल तेलाचा एखादा थेंब चालेल म्हणाले. "पुष्कळ बायकांना होतं हे," असं म्हणून त्यांनी आम्हाला निरोप दिला.

आक्का खूश होतील असं मला वाटलं होतं. पण एसटीत बसल्यापासून त्यांचा चेहरा तापत चालला. शेवटी फुटल्या. "म्हंजी सगळ्या बायास्नी व्हतं? आन एका बाईनं मला सांगितलं न्हाय? भाजीत मीठ जास्त झालं तर सांगत्यात, पोरीचं कुठं काय चाललंय ते सांगत्यात, आन ह्ये तेवढं गिळून बसत्यात?" पलीकडे गाठोडं घेऊन एक अनोळखी बाई बसली होती, साधारण त्यांच्याच वयाची. आक्कांनी तिच्याकडे वळून सरळ विचारलं, "बाई, तुमचं कान खाजत्यात का वो?" ती बाई आधी दचकली, मग तिनं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं. दोघींचं जे बोलणं सुरू झालं ते कळसचा फाटा आला तरी संपलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा ओसरीवर तात्यांच्या पॅनेलची बैठक भरली होती. फेटे, टोप्या, बशीतला चहा. आक्का त्यांच्या मधून सरळ अंगणाच्या टोकाला गेल्या, शेवग्याखाली सासूबाईंच्या पुढ्यात बसल्या आणि त्यांच्या कानाला तोंड लावून म्हणाल्या, "आत्याबाई, तुमची पाळी गेली तवा कान खाजायचं का?" सासूबाईंनी कानामागं हात धरला. "आँ? जोरात बोल." आक्का जोरात बोलल्या. "आजून जोरात!" आता जी गोष्ट आम्ही बायका एकमेकींच्या कानातसुद्धा धड बोलत नव्हतो, ती आक्कांनी छाती भरून अशी ओरडून विचारली की मेंढरं उठून उभी राहिली. ओसरीवरच्या बशा तोंडापाशी थांबल्या. तात्या आढ्याच्या वाशांकडे एकटक पाहू लागले. आबांनी तेवढं समजूतदारपणे तंबाखू काढली.

आणि बहिऱ्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसतो. सासूबाईंनीही त्याच पट्टीत उत्तर दिलं, "व्हय की गं! कान खाजायचं, आंग पेटायचं, पौषात दारात निजावं वाटायचं! उगंच रडाया यायचं. मी मेंढरात जाऊन रडायचे!"

"मग मला सांगितलं का न्हाय? मी हितंच व्हते की!"

"तू कवा बसलीस माझ्यापाशी?" सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. आज वारं सुटलंय, असं सांगावं तसं सांगितलं त्यांनी, आणि फोडलेल्या शेंगांमधले दोन दाणे आक्कांच्या हातावर ठेवले.  डोळे पुसून आक्कांनी ओरडून विचारलं, "मग त्येच्यानं बहिरं झाला का तुमी?" म्हातारी हसली. "न्हाय गं. ते म्हातारपणाचं. माझ्या आयचंबी गेल्यालं."

"म्हंजी माझंबी जानार."

"जाईल तवा जाईल. बस आता."

आक्का बसल्या. अंधार पडेपर्यंत दोघी एकमेकींवर ओरडत होत्या. मधूनच हसत होत्या. चुलीवर दूध उतू गेलं. आक्कांना ते ऐकू आलं नसेल असं मी म्हणणार नाही, पण त्या उठल्या नाहीत.

त्या संक्रांतीला हळदीकुंकवाला आमच्या घरचं वाण म्हणजे खोबरेल तेलाच्या बारक्या बाटल्या होत्या, आणि आक्का त्या फक्त पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांच्या हातात ठेवत होत्या. कुणाच्या हातात ठेवायची हे त्या स्वतःच ठरवत होत्या, हीच पंचाईत. तिघीचौघी वाण तिथंच टाकून तणतणत घरी गेल्या आणि दिवेलागणीला सुनांना पाठवून मुकाट्यानं बाटल्या घेऊन गेल्या. तात्या मात्र निवडणूक जिंकले. बायकांची मतं कुठं वळली ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. सासूबाई पुढं तीन-चार वर्षांनी गेल्या. तोवर शेवग्याखाली रोज एक बैठक असे, आणि तिचा आवाज कालव्याच्या पुलापर्यंत जाई.

आक्कांचं म्हणणं खरं ठरलं. सत्तरी ओलांडल्यावर त्यांचे ते जगावेगळे कान हळूहळू बंद झाले. किल्ल्या त्यांनी आपण होऊन मधल्या जाऊबाईंच्या हातात दिल्या. आम्ही तोपर्यंत नोकरीपायी बारामतीत राहायला आलो होतो. माझी पन्नाशी आली, झोप उडाली, कान खाजू लागले, तशी मी एका रविवारी एसटीत बसले आणि कळसला गेले. अंगणात आक्का बसल्या होत्या, आणि त्यांच्याभोवती गल्लीतल्या पाच-सहा बायका. एक मध्यमवयीन सून त्यांच्या कानाला तोंड लावून आपलं दुखणं ओरडून सांगत होती आणि बाकीच्या आपली पाळी यायची वाट बघत होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गड्यांना त्याची इतकी सवय झाली होती की कुणी मान वळवत नव्हतं. मला बघून आक्कांनी बाजूला सरकून जागा केली आणि कानामागं हात धरला. मी बारामतीची शिकलेली बाई, आजूबाजूला बघून घेतलं, पदर सावरला, आणि मग जेवढा आवाज होता तेवढ्यानं ओरडले.